सरावानंतरची पंधरा मिनिटं: स्त्रियांवरच्या हिंसेबद्दल मुलग्यांशी कसं बोलायचं

पहिल्या दिवशी मी जे केलं, ते तुम्ही करू नका.

मी व्हॉलीबॉल शिकवतो. तेरा ते अठरा वयाची मुलं, आठवड्यातून चार दिवस. दहा हंगामांपूर्वी एका संध्याकाळी सराव संपल्यावर मी सगळ्यांना नेटजवळ बसवलं आणि भाषण ठोकलं. जागतिक आरोग्य संघटनेचा २०१३ चा अहवाल नुकताच वाचला होता: जगातल्या ३५ टक्के स्त्रियांनी आयुष्यात कधी ना कधी जोडीदाराकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा, नाहीतर दुसऱ्या कुणाकडून लैंगिक हिंसा सोसलेली असते. (२०२१ मध्ये त्यांनी नवा अंदाज दिला, तोही साधारण ३० टक्क्यांचा.) मी आकडा सांगून थांबलो. मुलं बुटांच्या नाड्यांशी चाळा करत होती. मागून कोणीतरी काहीतरी पुटपुटलं, दोघं फिसकन हसले. मी चिडलो, आवाज चढवला. शेवटी कॅप्टनच म्हणाला, "सर, पण आम्ही काय केलं?"

उद्धटपणा नव्हता तो. त्याला खरंच कळत नव्हतं की आपण आरोपीच्या पिंजऱ्यात कसे आलो. समोरच्याला गुन्हेगार ठरवून सुरुवात केली की तो पुढची पंधरा मिनिटं स्वतःचा बचाव करण्यात घालवतो. आणि तुमच्या समोरची बहुतेक मुलं मारणारी नसतातच. ती बघणारी असतात, ऐकणारी असतात, दुसरा हसला म्हणून हसणारी असतात. त्यांना नेमकं काय करायचं हे कोणी कधी शिकवलेलं नसतं. आपण शिकवायचं ते हे.

मुलांकडे जाण्याआधी

तुमच्या भागात मारहाण सोसणाऱ्या स्त्रियांसोबत काम करणारं समुपदेशन केंद्र, संस्था, हेल्पलाइन, जे काही असेल तिथे आधी जा. ओळख करून घ्या आणि तीन गोष्टी विचारा. पुरुषांनी या कामात पडून तुमचा कुठे घोटाळा केलाय? एखाद्या मुलाने घरातलं काही सांगितलं तर त्याला किंवा त्याच्या आईला कोणाकडे पाठवू? आणि दर दोन महिन्यांनी येऊन, मी काय केलं ते तुम्हाला सांगितलं तर चालेल का?

तिसरा प्रश्न सोपा वाटतो, पण पुरुष नेमका तोच टाळतात. आपण चांगलं काम करतोय म्हटल्यावर हिशेब कोणाला द्यायचा, असं वाटतं. द्यायचा. ज्या बायका हे काम वर्षानुवर्षं बिनबोभाट करतायत त्यांना द्यायचा. आणखी एक सांगून ठेवतो. पुरुषाने या विषयावर दोन वाक्यं बरी बोलली की त्याचं फार कौतुक होतं. बायकांनी तेच वीस वर्षं सांगितलेलं असतं, तेव्हा कोणी टाळ्या वाजवत नाही. सत्कार-बित्कार ठरला तर नको म्हणा. देणगी मिळत असेल तर ती आधी त्या केंद्राला कशी जाईल ते बघा. पंधरा मिनिटं बोलायला पैसे लागत नाहीत.

आणि आधी स्वतःची जीभ तपासा. मी तपासली तेव्हा लाज वाटली. कोणी सोपा चेंडू सोडला की माझ्या तोंडून आपसूक निघायचं, "बांगड्या भरल्यात का हातात?" वर्षानुवर्षं. मैदानाच्या पलीकडच्या कोर्टवर मुली सराव करायच्या, त्यांना ते स्वच्छ ऐकू जायचं. पहिल्या हंगामात मुलांना सांगितलं, माझ्या तोंडून पुन्हा आलं तर मी मैदानाला दोन फेऱ्या मारीन. पहिल्या महिन्यात चौदा फेऱ्या झाल्या. मुलांनी मोजल्या, मजा घेतली. पण त्या चौदा फेऱ्यांमुळे पुढचं सगळं सोपं गेलं, कारण सर स्वतःलाही सोडत नाहीत हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

टोपीतल्या चिठ्ठ्या

पहिल्या बैठकीला फक्त हे करा. सगळ्यांना सारख्या मापाचे कागद द्या. नाव लिहायचं नाही. दोन प्रश्न: टीममध्ये एखाद्या मुलीबद्दल घाणेरडं बोललं जातं, तेव्हा तुला ते आवडतं का? आणि आपल्यापैकी किती जणांना ते आवडत नसेल असं तुला वाटतं? पहिल्याला हो किंवा नाही, दुसऱ्याला आकडा. चिठ्ठ्या टोपीत.

मग मोठ्याने वाचायच्या. त्या दिवशी अठरा मुलं होती. पहिल्या प्रश्नाला तेरा जणांनी "नाही" लिहिलं होतं. दुसऱ्याला बहुतेकांनी दोन, तीन, एक असे आकडे टाकले होते. एकाने शून्य लिहून खाली रेघ मारली होती. मी चिठ्ठ्या जमिनीवर दोन रांगांत मांडल्या आणि काहीच बोललो नाही. मुलं वाकून वाकून बघत होती. एक जण मोजायला लागला, चुकला, पुन्हा मोजायला लागला. प्रत्येकाला वाटत होतं की न आवडणारा आपण एकटाच आहोत. आणि असे एकटे एकटे तेरा जण रोज एकत्र हसत होते.

हे फक्त माझ्याच टीमचं नाही. दुसरे पुरुष अशा बोलण्याला जितके राजी असतील असं आपण धरून चालतो, तितके ते नसतात. संशोधकांनाही हे पुन्हा पुन्हा दिसलंय. म्हणून सगळे गप्प, आणि ज्याला खरंच त्रास द्यायचा असतो त्याला वाटतं, सगळे आपल्याच बाजूला आहेत.

तुमच्या टोपीत उलटा निकाल निघाला तर? एका वर्षी माझ्याकडे निघाला, निम्म्याहून जास्त "हो". घाबरू नका, भाषण तर अजिबात देऊ नका. "बरं, पुढच्या आठवड्यात बघू," म्हणून उठा. प्रामाणिक उत्तर मिळालंय, ही कमाई आहे.

वाक्याची तालीम

सर्व्हिस कशी मारायची हे फळ्यावर लिहून येत नाही. हात शंभर वेळा फिरवावा लागतो. मित्राला टोकायचं वाक्यही तसंच आहे. ते तोंडात बसलेलं नसेल तर ऐन वेळी बाहेर पडत नाही.

आम्ही असं करतो. तिघं उभे राहतात. एक जण मोबाइल दाखवल्याचं नाटक करतो: कोणीतरी एका मुलीचा खासगी फोटो ग्रुपवर टाकलाय. दुसरा हसतो. तिसऱ्याने काहीतरी बोलायचं. पहिल्या वेळी एका मुलाने, उंच, टीममधला सगळ्यात जोरात स्मॅश मारणारा, तोंड उघडलं आणि त्यातून निघालं ते "अरे… जाऊ दे ना यार". आवाज चिरकला. सगळे हसले, तोही हसला. पुन्हा. "डिलीट कर रे." समोरचा म्हणाला, "का, तुझी कोण लागते ती?" झालं, हा गप्प.

तिथे थांबून मी सगळ्यांना विचारलं, आता काय म्हणाल? बरीच वाक्यं आली. "असं करणं चूक आहे" हे कोणी तोंडात धरूच शकत नव्हतं; पुस्तकातलं वाटत होतं, म्हणताना त्यांचं त्यांनाच हसू येत होतं. "माझी बहीण असती तर" हे एकाने काढलं. मी ते बाजूला ठेवायला सांगितलं, कारण त्याचा अर्थ होतो की कोणाचीच बहीण नसलेल्या मुलीला वाली नाही. शेवटी सगळ्यात बुटक्या, फारसं न बोलणाऱ्या मुलाने विचारलं, "हिला माहितीये का हा फोटो इथे आलाय ते?" बस्स. त्यात उपदेश नाही, भांडण नाही. पण हसणाऱ्याचं तोंड बंद होतं, कारण उत्तर सगळ्यांना माहीत असतं. ते वाक्य आमच्याकडे आता मागच्या बॅचकडून पुढच्या बॅचकडे जातं. तुमच्या मुलांना त्यांचं वाक्य त्यांनाच शोधू द्या. तुमचं दिलेलं त्यांच्या तोंडात बसणार नाही.

बोलण्यापलीकडेही मार्ग असतात, तेही करून दाखवा. सरळ टोकणं जमत नसेल किंवा धोक्याचं असेल तर लक्ष दुसरीकडे वळवायचं. भारतात ब्रेकथ्रू संस्थेची 'बेल बजाओ' मोहीम २००८ मध्ये सुरू झाली, तिचं मर्म हेच: शेजारच्या घरातून मारहाणीचा आवाज आला तर बेल वाजवायची आणि दार उघडल्यावर काहीतरी किरकोळ मागायचं. आत काय चाललंय ते बाहेर ऐकू जातंय, एवढं मारणाऱ्याला कळलं तरी हात थांबू शकतो. मात्र मुलांना हे सांगताना एकट्याने जायचं नाही, मोठं माणूस सोबत घ्यायचं, आणि शस्त्र किंवा दारू असेल तर थेट पोलिसांना फोन, हेही त्याच दमात सांगा. अंगावर धावून जाणं म्हणजे शौर्य असं त्यांच्या डोक्यात सिनेमाने भरलेलं असतं. काही वेळा नंतर त्या मुलीजवळ जाऊन "मी पाहिलं, तुला काही मदत हवीय का?" एवढं विचारणं सगळ्यात मोलाचं असतं. ती नाही म्हणाली तर ते नाही ऐकायचं.

एखादा मागे थांबतो तेव्हा

चौथ्या-पाचव्या आठवड्यानंतर कधीतरी हे होणार. सगळे गेलेले असतात आणि एक मुलगा विनाकारण नेट गुंडाळत बसतो. तुम्ही काही विचारायचं नाही, दुसऱ्या टोकाने नेट गुंडाळायला लागायचं. मग तो जाळीकडे बघत म्हणतो, "सर, आमच्या घरी पण होतं."

इथे माझ्या हातून जे घडलं ते सांगतो. पहिल्याच हंगामातली गोष्ट, तोवर मी कुठल्या केंद्रात गेलो नव्हतो. मुलाने सांगितलं आणि मी दुसऱ्या दिवशी त्याच्या वडिलांना गाठलं. समजूतदारपणे बोललो, पुरुषाने पुरुषाशी बोलावं तसं. ते मान हलवत होते, "चूक झाली सर" म्हणाले. मी खूश होऊन घरी आलो. त्या रात्री त्याच्या आईला त्या चुगलीची किंमत मोजावी लागली आणि मुलाने खेळ सोडला.

महिन्याभराने मी केंद्रात गेलो, तेव्हा तिथल्या ताईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सर, तुम्ही बोलून घरी गेलात. ती तिथेच होती."

तेव्हापासूनची पद्धत ही. ऐकायचं, मध्ये बोलायचं नाही. "तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी काही चूक नाही" एवढं म्हणायचं, कारण बहुतेक मुलांना वाटत असतं की आपण मध्ये पडलो नाही म्हणून आई मार खाते. "कोणालाही सांगणार नाही" असं वचन द्यायचं नाही. कोणाला सांगेन आणि का, ते त्याला आधीच सांगायचं. मुलाला स्वतःला मार बसत असेल तर बालसंरक्षणाचे तुमच्याकडचे जे नियम असतील ते लगेच पाळायचे. आईसाठी केंद्राचा नंबर द्यायचा, पण मोबाइलमध्ये सेव्ह करायला लावायचा नाही. घरातला मोबाइल कोण बघतं हे आपल्याला माहीत नसतं. आणि वडिलांकडे जायचं नाही. नवराबायकोत समेट घडवायला तर मुळीच बसायचं नाही, पाच वडीलधारे सोबत असले तरीही. ज्या बैठकीनंतर तिला त्याच्याच घरी जायचंय, त्या बैठकीत ती खरं कसं बोलेल?

पुढे काय करायचं ते ती ठरवणार. कधी ती वर्षभर काहीच करत नाही. नंबर तिच्याकडे असतो, एवढंच.

हमखास येणारे प्रश्न

"मुलीही मारतात की." येणारच. हो म्हणा, काही मारतात, आणि मार खाणाऱ्या मुलालाही मदत मिळायला हवी. मग विचारा: रात्री घरी जाताना तू कोणाला घाबरून रस्ता बदलतोस? तुझी बहीण कोणाला घाबरून बदलते? उत्तरांवर वाद घालू नका. गंमत अशी की दोघांचंही उत्तर बहुतेक वेळा "पुरुषांना" असतं, आणि मुलग्यांना ते कधी जाणवलेलं नसतं. पुरुषांच्या हिंसेचा मार पुरुषही खातात. मैदानावर, मोठ्या मुलांकडून, घरी. हे मोकळेपणी बोलायला मिळालं की "आमच्याविरुद्ध चाललंय" ही भावना बरीच निवळते.

"खोटे आरोप करतात त्याचं काय?" चिडू नका. असं होऊ शकतं, म्हणा, त्यासाठीच तपास असतो, न्यायालय असतं. मग विचारा, तुमच्या ओळखीतल्या किती बायकांना त्रास झाला आणि त्यातल्या किती जणींनी तक्रार केली? पुढे गप्प बसा.

तिसरा प्रश्न कोणी मोठ्याने विचारत नाही: मीच काही केलं असेल तर? म्हणून दर महिन्याला टोपी पुन्हा फिरवा, मनातलं काहीही लिहायला. एकदा चिठ्ठी आली, "मी तिला नको म्हणत असताना फोन करत राहिलो, रोज, ४० वेळा." ती वाचून मी फक्त एवढंच विचारलं की पलीकडच्या मोबाइलवर तो चाळिसावा फोन कसा दिसला असेल. कोणी लिहिलं ते शोधू नका. पण चिठ्ठीत मारहाण किंवा जबरदस्ती असेल तर ती चिठ्ठी घेऊन ताईंकडे जा. तो तुमचा प्रांत नाही.

किती दिवस?

एक दिवसाची रॅली, मेणबत्त्या, शपथ: माझा यावर फारसा विश्वास नाही. स्त्रियांवरच्या हिंसेविरुद्ध पांढऱ्या फितीची मोहीम १९९१ मध्ये कॅनडात पुरुषांनी सुरू केली. त्याआधी ६ डिसेंबर १९८९ ला मॉन्ट्रियलच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात एका माणसाने १४ स्त्रियांना ठार मारलं होतं. एका वर्गात त्याने आधी पुरुषांना वेगळं केलं, बाहेर जायला सांगितलं, ते गेले, आणि मग त्याने मुलींवर गोळ्या झाडल्या. बंदुकीसमोर कोणी काय करणार, त्या मुलांना बोल लावण्यात अर्थ नाही. पण मी मुलांना हे सांगतो तेव्हा ती बराच वेळ काही बोलत नाहीत. ती फीत लावणं म्हणजे हिंसा करणार नाही, खपवून घेणार नाही आणि गप्प बसणार नाही असा शब्द देणं. पहिली दोन सोपी. तिसऱ्यासाठी तालीम लागते, आणि ती एका दिवसात होत नाही.

जिथे नीट मोजमाप झालंय तिथेही हेच दिसतं. अमेरिकेत 'कोचिंग बॉइज इन्टू मेन' म्हणून खेळाच्या प्रशिक्षकांसाठी कार्यक्रम आहे, हंगामभर आठवड्याला पंधरा मिनिटांचा. माझी पंधरा मिनिटं तिथूनच उचललेली. कॅलिफोर्नियातल्या १६ हायस्कूलमध्ये त्याची चाचणी झाली. हंगाम संपल्यावर मुलं जास्त वेळा मध्ये पडायला लागली होती, आणि वर्षभराने त्यांच्याकडून मैत्रिणींना होणारा त्रास इतर मुलांपेक्षा कमी होता. मुंबईत क्रिकेट प्रशिक्षकांसोबत झालेला 'परिवर्तन' हा उपक्रमही त्यावरूनच बेतलेला. मोठ्या पुरुषांसाठी रवांडातला 'बांदेबेरेहो' बघा: तरुण बापांच्या १५ बैठका, त्यांतल्या काहींना जोडीदारही. विषय बाळंतपण, बाळाचं करणं, घरकाम, पैसे, भांडण. २१ महिन्यांनी स्त्रियांना विचारलं तेव्हा मारहाण झाल्याचं सांगणाऱ्या ३३ टक्के होत्या. ज्या घरांतले पुरुष बैठकांना नव्हते, तिथे ५७ टक्के.

बापांना "हिंसा" या विषयावर बोलावलं तर कोणी येत नाही, हे मी करून पाहिलंय. दोन खुर्च्या भरल्या होत्या, त्यातली एक माझी. "मुलगा वयात येतोय, त्याच्याशी काय बोलायचं" असं बोलावलं तर येतात.

दोन-तीन बारीक गोष्टी

गट वीसच्या वर नेऊ नका. सोबत दुसरा कोणी असू द्या, एक जण बोलताना दुसऱ्याला चेहरे वाचता येतात. जो सगळ्यात जास्त टवाळी करतो त्याला बाहेर काढू नका. तालमीत त्याला हसणाऱ्याची भूमिका द्या, आणि तीन आठवड्यांनी टोकणाऱ्याची. तिसऱ्या हंगामापासून सतरा-अठराच्या मुलांना धाकट्यांची बैठक घेऊ द्या, तुम्ही मागे बसा. ती चुकतील. आमच्या एकाने धाकट्यांना मोठ्या आवाजात "अरे, मुलींचा आदर करायला शिका!" म्हणून झापलं, तेव्हा समोरच्या रांगेने बुटांच्या नाड्या हातात घेतल्या. मी हसू दाबलं.

आणि पहिल्या बैठकीतल्या चिठ्ठ्यांसाठी सगळ्यांना एकाच शाईची पेनं स्वतः विकत घेऊन द्या. मुलं एकमेकांची अक्षरं ओळखतात, म्हणून मोठ्या अक्षरांत लिहायला लावण्यापेक्षा पहिल्या प्रश्नाला नुसती खूण आणि दुसऱ्याला नुसता आकडा मागा. वाचून झाल्यावर चिठ्ठ्या तिथेच, त्यांच्या समोर फाडा.